कमळाकरचा एकच सरळ फोटो

बॅनरवाला जगन दुपारपासून ओट्यावर येऊन बसला होता आणि त्याचं एकच म्हणणं होतं, फोटो द्या. बेलपाड्यात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी नाक्यावर त्याचा बॅनर लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दहाव्या-तेराव्याच्या तारखा, आणि मधोमध माणूस. बाकी सगळं जगनकडे तयार असतं. समया असतात, फुलं असतात, ढगसुद्धा असतात. माणूस तेवढा घरच्यांनी द्यायचा. आणि कमळाकर भोईरच्या घरात नेमका तोच सापडत नव्हता.

फोटो नव्हते असं नाही हो. फोटो ढिगाने होते. पण एकात हा बाबा बायकोची हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन होळीपुढे लाजत उभा. एकात दोन्ही गालांत दोन अख्खे मोदक. एकात डोक्यावर भोपळा, आणि भोपळ्यावर टोपी. मेव्हण्याच्या साठीला काढलेल्या फोटोत सगळी मंडळी कशी छान ओळीत, आणि हा मधेच डोळे तिरळे करून. केतन, त्याचा मुलगा, दोन रात्रींच्या जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी मोबाइल घेऊन बसला होता. तो वैतागून म्हणाला, "आधार कार्डावरचा तरी द्या." आधार कार्ड काढलं. त्याच्यावरही एक डोळा बारीक मिटलेला. सरकारी कॅमेऱ्याला डोळा मारणारा माणूस!

जगनला हसू फुटलं. मग आपण कुठे बसलोय ते ध्यानात येऊन त्याने तोंडावर रुमाल धरला.

शोभा, कमळाकरची बायको, भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. तिलाही हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाज वाटत होती. तिसरा दिवस होता. पाच मिनिटांत छातीत कळ येऊन गेलेला नवरा, आणि बायकोला हसू येतं म्हणजे काय! पण तो माणूसच तसा होता, त्याला कोण काय करणार.

कमळाकर सुतारकाम करायचा. आगऱ्याचा पोर, बाप भातशेती आणि मिठागरावर राबलेला, पण हा लहानपणीच खाडीकाठी होड्या बांधणाऱ्यांच्या मागे लागला आणि हात बसला तो बसलाच. पुढे होड्या गेल्या, खाडीकाठ गेला, खारघरच्या इमारतींनी गावाला चारी बाजूंनी घेरलं. मग कमळाकर दारं करायला लागला, देव्हारे, पाळणे. पावसाळ्यात फुगून अडकत नाही असं दार पाहिजे तर कमळाकरकडे जा, असं बिल्डरचे मुकादमसुद्धा सांगायचे. पण त्याचं नाव झालं ते पाटांनी.

गावातल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की हळदीचा पाट कमळाकरने करायचा, हे ठरून गेलेलं होतं. फणसाचं लाकूड, वर कोरलेलं कमळ, रंध्याने असा गुळगुळीत केलेला की हात फिरवत राहावा. आणि पोटात त्याची खोडी. खालच्या पट्टीच्या खाचेत तो सागाची एक पातळ चीप अशी बसवायचा की नवरी पाटावर टेकली रे टेकली की पाट आवाज करायचा. साधासुधा नाही. कुर्रर्र करून सुरू व्हायचा आणि शेवटी असा काही पुस्सकन सुटायचा की मांडवात एक क्षण शांतता, नवरी लालभडक, आणि मग बायका पोट धरून लोळायच्या. "पाट बोलला! पाट बोलला!" म्हणत गाणाऱ्या बाया हळद उधळायच्या. पाट बोलला नाही तर पोरगी सुखाने नांदत नाही, असंसुद्धा कुणीतरी उठवून दिलं होतं. उठवणारा कोण, ते सांगायला नको.

पाटाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो त्या मुलीचं लाडाचं नाव कोरायचा. चिमी, बबडी, ठकी. पोरी पाट सासरी न्यायच्या आणि कधी माहेरची फार आठवण आली की उलटा करून बघायच्या, असं त्याच येऊन शोभाला सांगत.

"सापडला!" प्राची एकदम ओरडली.

प्राची त्याची थोरली. तीन वर्षांपूर्वी पनवेल शहरात दिलेली. तिने मोबाइल जगनपुढे धरला. तिच्याच लग्नातला फोटो. कमळाकर पांढऱ्या सफारीत, हात मागे बांधून, मान ताठ, ओठ मिटलेले, दोन्ही डोळे सरळ समोर.

"आयला, काय रुबाबदार!" जगन म्हणाला. "आमदार दिसतात की."

"हा एकच फोटो बाबांचा," प्राची म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "मी जाणार म्हणून असे झाले होते ते. दोन दिवस एक मस्करी केली नाय. मला मैत्रिणी बोलल्या, तुझे बाबा बघ ना गं, किती वाईट वाटतंय त्यांना. हा फोटो मी कितीदा बघते माहिताय? बाबांना माझ्यासाठी कधी रडताना नाय बघितलं मी. पण ह्यात दिसतं."

शोभाने फोटोकडे पाहिलं. प्राचीसाठी? कुठलं आलंय प्राचीसाठी! त्या ताठ मानेमागे काय होतं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक परवा गेलं.

"दुसरा बघा की," ती कशीबशी म्हणाली.

"आई, दुसरा हायच कुठं?" केतन म्हणाला. जगन फोटो घेऊन गेलासुद्धा.

काय झालं होतं ते ऐका. प्राचीचं सासर आगरीच, पण दोन पिढ्या शहरात राहिलेलं. सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. बोलणं शुद्ध, हसणं मोजकं, साडीची घडी जागची हलणार नाही अशी. पहिल्या भेटीत त्या शोभाला "तुम्ही बसा ना" म्हणाल्या आणि शोभाला स्वतःच्या घरात अवघडल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा. आपल्याला ह्या लोकांनी गावंढळ म्हणू नये. हळद ओट्यावर नको, हॉलमध्ये करू. गाणाऱ्या बाया नकोत, डीजे लावू. कमळाकर हो म्हणत गेला. त्याचं कशालाच नाही नसायचं.

हळदीच्या सकाळी तो कारखान्यातून आला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. अंगावर भुसा, हातात शोभाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहरा असा की कुणालाही वाटावं, ह्याला ओवाळावं.

"बघ," तो म्हणाला आणि त्याने लुगडं सोडलं. "सगल्या पाटांचा बाप हाय ह्यो. बसून बघ, बस! असा बोलतो, असा बोलतो का हॉलच्या बाहेर ऐकू जाईल!"

शोभाच्या डोळ्यांपुढे विहीणबाई आल्या. पुढच्या ओळीत बसलेल्या, घडी न मोडलेल्या. आणि त्यांच्या समोर आपली पोरगी पाटावर बसते, आणि पाटातून तो घाणेरडा आवाज! तिचं अंग तापलं.

"ह्यो पाट आज नाय निघनार," ती म्हणाली. "पाहुणे कोन हायत, कळतंय का तुमाला? जल्माची थट्टा लावलीय. पोरीच्या लग्नात तरी... अवो, आजच्या दिवस तरी माणसासारखं वागा!"

आत चार बायका पानं पुसत होत्या. त्यांनी ऐकलं नसेल कदाचित. कमळाकरने ऐकलं. तो काहीच बोलला नाही, आणि कमळाकर काहीच बोलला नाही असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं. मग म्हणाला, "बरं." शोभाने पाट उचलला आणि तांदळाच्या कोठीमागे सरकवला.

हॉलमध्ये डेकोरेटरने पांढरा-सोनेरी सोफा ठेवला होता. प्राचीने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, माझा पाट?"

शोभा तिथेच उभी होती. तिला वाटलं, आता हा सांगणार.

"वेल नाय मिलाला गं, भोपले," कमळाकर म्हणाला. भोपळी हे प्राचीचं लहानपणचं नाव, कारण पोरगी जन्मली तीच गोल. त्याने शोभाकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीचा चेहरा उतरला आणि मग मैत्रिणींनी तिला सोफ्यावर बसवलं. नंतर दोन दिवस हा माणूस हात मागे बांधून, मान ताठ करून, माणसासारखा वागला. विहीणबाई शोभाला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर फारच गंभीर आहेत हो." शोभाला तेव्हा बरं वाटलं होतं. हो, बरं वाटलं होतं! आता ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

आणि कमळाकर काय रागावला का? छे. त्याने त्याचीही गंमत केली. पुढे घरात कुणी पाहुणे आले की तो स्वयंपाकघरात डोकावायचा आणि हळूच विचारायचा, "शोभा, आज कसं? माणसासारखं का माझ्यासारखं?" ती हसून म्हणायची, "जावा तिकडं!" पण तो उत्तराची वाट बघत उभा राहायचा. तीन वर्षं विचारत राहिला. थट्टा होती का खरंच विचारत होता, हे तिने त्याला कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारणार?

बॅनर लागला. नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वर, दहा फुटी कमळाकर. ढगांतून सगळ्या गावाकडे सरळ बघणारा. लोक येऊन शोभाला सांगायचे, फोटो काय झकास निवडलाय. ती मान खाली घालायची. दळण आणायला जायचं तर ती मागच्या गल्लीने जायला लागली. मासळीवाली नाक्यावर बसते म्हणून तिने सुतक फिटल्यावरही मासळी नको म्हणायचं मनात धरलं. स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोपासून तोंड लपवत फिरणारी बाई!

सखू आत्या, कमळाकरची म्हातारी आत्या, आपट्याहून भेटायला आली. रिक्षातून उतरली, बॅनरखाली उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "नाक्यावर कोन गेलाय गं? चांगला मानूस दिसतो."

"आत्या, बाबाच ते," प्राची म्हणाली.

"जा गं! आमचा कमळाकर नाय त्यो." म्हातारी ऐकेचना. "त्याला काय मी वलखनार नाय? माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय."

सगळे हसले. म्हातारीला दिसत नाही, म्हणाले. शोभा उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

दहावा आपट्यालाच झाला, पाताळगंगेच्या काठी. तिकडून परतताना गाडीत प्राची बाहेर बघत होती आणि एकदम म्हणाली, "आई, एक सांगू? रागवू नको. बाबांचा मला एकच राग होता. गावातल्या सगळ्या पोरींना पाट दिला. त्या शेजारच्या कोमलला दिला, जिचं आपल्याशी बोलणं पन नव्हतं. आणि माझ्या वेळी म्हणे वेळ नाय मिळाला. सासरी मला सगळे विचारतात, तुझे बाबा पाट करायचे ना, तुझा कुठाय? मी काय सांगू?" मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे. माणूस गेला, आता काय."

शोभाच्या जिभेवर आलं होतं. पण गाडी चालवत केतन होता, मागे दोन नातेवाईक होते. आणि खरं सांगायचं तर तेच एक कारण नव्हतं. पाट दिला की पाट का लपवला हे सांगावं लागणार. ते सांगितलं की फोटो संपला. पोरीने तीन वर्षं उराशी धरलेला, बाप आपल्यासाठी हळवा झाला म्हणून रात्री उघडून बघायचा तो फोटो. म्हणजे पाट द्यायचा तर फोटो हिसकावून घ्यायचा. आणि दोन्हीच्या मधे उभी राहणार आपण, आपल्या त्या एका वाक्यासकट. आईची काय किंमत राहील पोरीपुढे?

किंमत! तिला स्वतःचीच शिसारी आली. अजून आपल्याला किमतीचीच पडलीय. लोक काय म्हणतील यापायी एका माणसाला त्याच्या पोरीच्या लग्नात मुका केला, आणि तो मेल्यावरही तोच हिशेब. आणि तो? पोरीने त्याच्यावर राग धरला तरी चालेल, पण बायकोचं नाव पुढे आणलं नाही त्याने.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी घरात निजानीज होती. शोभाने तांदळाची कोठी सरकवली, लुगड्याची गुंडाळी काढली आणि प्राचीपुढे नेऊन ठेवली.

"तुजा हाय," ती म्हणाली. "त्यांनी केला व्हता. मीच काढू दिला नाय."

आणि सगळं सांगितलं. विहीणबाईंची साडी, हॉल, पानं पुसणाऱ्या बायका, ते वाक्य. एक शब्द गाळला नाही. "त्या फोटोत ते तुज्यासाठी नाय गप्प, बाय. माज्यामुले गप्प हायत."

प्राचीने लुगडं सोडलं. कमळावर धूळ नव्हती, कारण दर दिवाळीला घर झाडताना शोभा तो पुसून परत ठेवायची. प्राचीने पाट उलटा केला. खाली बोटभर अक्षरांत 'भोपळी', आणि बाजूला एक छोटा भोपळा, देठासकट. ती बोट फिरवत राहिली. शोभाला वाटलं, आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन वर्षं मी त्यांच्यावर राग धरला," प्राची हळू म्हणाली. "आणि पाट इथं तुझ्याकडं होता." मग पाट छातीशी घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

"बॅनर काढायला सांगू का जगनला?" शोभाने दाराशी जाऊन विचारलं.

"राहू दे," आतून आवाज आला.

तेराव्याला घर भरलं. ओट्यावर, अंगणात, गल्लीत खुर्च्या. प्राचीच्या सासरची मंडळी आली. विहीणबाई पुढच्या ओळीत बसल्या, घडी न मोडलेल्या. जेवणाआधी मुलाला पाटावर बसवून मामाने टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, म्हणजे दुःख उतरलं, घर पुन्हा चालू झालं. शोभाने मधोमध घरातला रोजचा पाट मांडला होता. मामा टोपी घेऊन उभा राहिला, केतन आला, आणि प्राची आतून आली. तिने रोजचा पाट पायाने बाजूला सारला आणि आपला पाट मांडला. कमळ वर करून. शोभाकडे तिने पाहिलं नाही.

शोभाला वाटलं, धावत जाऊन उचलावा. हात पुढे झालासुद्धा. मग तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

केतन बसला.

कुर्रर्रर्र... आणि लाकूड तीन वर्षं वाळलेलं, आवाज असा चढत चढत गेला, थांबतोय असं वाटलं, थांबला नाही, आणि शेवटी पुस्सकन सुटला, तो थेट गल्लीपर्यंत ऐकू गेला.

कुणी हललं नाही. मामाची टोपी वरच्या वर राहिली. केतनचे कान लाल. आणि कोपऱ्यातून सखू आत्या दोन्ही हात वर करून ओरडली, "आला! आला बघा माजा कमळाकर!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मामा हसता हसता खाली बसला. जगन खांबाला धरून हसत होता. बायका डोळ्यांना पदर लावून हसत होत्या आणि त्यातच रडत होत्या. केतन उठायला गेला तर पाट परत बोलला. शोभाने भीत भीत विहीणबाईंकडे पाहिलं. त्या बाईची मान मागे गेली होती, पदर खांद्यावरून ढळला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणं काही थांबत नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी चष्मा पुसला. "अहो, हाच का तो बोलका पाट?" त्या म्हणाल्या. "किती ऐकलं होतं याच्याबद्दल! हळदीला आम्ही मुद्दाम पुढे बसलो होतो हो, पाट बोलताना बघायचा म्हणून. मग म्हटलं, राहिला असेल करायचा. हा कुणाचा?"

हसणं ओसरलं होतं. लोक ऐकत होते. प्राचीने आता पहिल्यांदा आईकडे पाहिलं आणि ती बघत राहिली.

शोभा पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला.

"प्राचीचा हाय," ती म्हणाली. "त्यांनी हळदीसाठी केला व्हता. मी कोठीमागं लपवला. तुमी हसाल म्हणून."